जावास्क्रिप्ट बिल्डमध्ये मजकूर बदलताना: ठाणे, नवी मुंबई आणि गपचूप चुकणारी अदलाबदल

घरगुती डब्यांच्या नोंदणीची एक साइट उदाहरणाला घेऊ. सोर्स एकच, बिल्ड (सोर्सपासून तयार होणाऱ्या साइटच्या फाइली) दोन: एक ठाण्यासाठी, एक नवी मुंबईसाठी. शहराचं नाव, पिनकोड, फोन, सर्व्हरचा पत्ता आणि डबा पोचवायचे दर, एवढंच काय ते बदलतं. बाकी पानं, बटणं, हिशोब सगळं सारखं. वागळे इस्टेटपासून महापेपर्यंत कुठल्याही टीमला कधी ना कधी असं काम येतंच.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे बिल्डच्या आधी सगळ्या फाइलींत "ठाणे" शोधायचं आणि तिथे "नवी मुंबई" घालायचं. करून पाहिलं की काय होतं? "पोलीस ठाणे" होतं "पोलीस नवी मुंबई". "ठाणे-बेलापूर रस्ता" होतो "नवी मुंबई-बेलापूर रस्ता". आणि जिथे बदल खरंच हवा होता, त्या "ठाण्यात आजपासून सुरू" या मथळ्याला धक्काही लागत नाही, कारण "ठाण्यात" या शब्दात "ठाणे" ही अक्षरं सलग येतच नाहीत. बिल्ड मात्र हिरवा. चाचण्याही हिरव्या, कारण मराठी मजकुराची चाचणी सहसा कुणी लिहिलेली नसते.

मजकूर बदलणारं साधन तक्रार करत नाही, हीच या कामातली मुख्य अडचण. शोधलेलं सापडलं नाही तरी ते यशस्वी, नको तिथे सापडलं तरी यशस्वी. म्हणून कुठलं प्लगिन वापरायचं यापेक्षा दोन प्रश्न आधी सोडवायला हवेत: साधनाला आपण काय बदलतोय हे कळतं का, आणि बदल किती ठिकाणी झाला हे आपल्याला कळतं का.

व्याकरण कळणारी अदलाबदल

वेबपॅक, ईएसबिल्ड, व्हीट आणि रोलअप ही सगळी सोर्सपासून बिल्ड काढणारी साधनं. वेबपॅकचं डिफाइन प्लगिन आणि ईएसबिल्डचा डिफाइन पर्याय फाइलीकडे नुसता मजकूर म्हणून पाहत नाहीत. ते कोड पार्स करतात, म्हणजे त्याची व्याकरणाप्रमाणे फोड करतात, आणि बाहेर कुठेही घोषित न झालेलं नाव सापडलं तरच बदलतात. स्ट्रिंगच्या आत तेच नाव असेल तर सोडून देतात, एखाद्या फंक्शनमध्ये त्याच नावाचा स्थानिक व्हेरिएबल असेल तर त्यालाही हात लावत नाहीत. जावास्क्रिप्टमधली किंमत बदलायची असेल तर हाच मार्ग घ्यावा. व्हीटचा डिफाइन पर्यायही आवृत्ती ५ पासून बिल्डमध्ये ईएसबिल्डच्याच पद्धतीने चालतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत ती शोध-बदल पद्धत होती आणि स्ट्रिंगमधला मजकूरही बदलायचा, त्यामुळे जुन्या प्रकल्पाची आवृत्ती वाढवताना हा फरक तपासून घ्यावा.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक अवतरणचिन्हांची. डिफाइनला दिलेली स्ट्रिंग ही किंमत नसते, तो कोडचा तुकडा असतो. आपण __शहर__ या नावासमोर नुसतं ठाणे लिहिलं, तर कोडमध्ये अवतरणांशिवाय ठाणे असा शब्द येतो. जावास्क्रिप्टमध्ये देवनागरी नाव हे वैध आयडेंटिफायर आहे, मात्रा-अनुस्वारासकट. म्हणजे व्याकरणाची चूक होत नाही, बिल्ड पुरा होतो आणि ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये "ठाणे नावाचं काही घोषित नाही" असा रेफरन्स एरर येतो. नवी मुंबईच्या बिल्डमध्ये हीच चूक वेगळी दिसते. मध्ये जागा असल्याने ते एक नाव राहत नाही, सिंटॅक्स एरर होतो, आणि ईएसबिल्ड तर अशी किंमत दारातच नाकारतं. चूक एकच, पण एका शहराचा बिल्ड पडतो आणि दुसऱ्याचा चालल्यासारखा दिसतो. माणूस मग नवी मुंबईच्या कॉन्फिगमध्ये दोष शोधत बसतो. उपाय साधा: प्रत्येक किंमत जेसन-स्ट्रिंगिफायमधून (किमतीला अवतरणांसकट कोडचं रूप देणाऱ्या फंक्शनमधून) काढूनच डिफाइनला द्यायची. आकडा असो, बूलियन असो, अपवाद करायचा नाही.

आकड्यांवर थोडं थांबायला हवं. दोन्ही शहरांचा एसटीडी कोड ०२२. तो अवतरणांशिवाय डिफाइनला दिला तर कोडमध्ये शून्याने सुरू होणारा आकडा येतो. स्ट्रिक्ट मोडमध्ये, म्हणजे सगळ्या ईएस मॉड्यूलमध्ये, तो सिंटॅक्स एरर. जुन्या पद्धतीच्या, स्ट्रिक्ट नसलेल्या स्क्रिप्टमध्ये मात्र तो अष्टमान पद्धतीचा आकडा धरला जातो आणि त्याची किंमत होते १८. फोन नंबर, पिनकोड, जीएसटी क्रमांक हे आकड्यांसारखे दिसले तरी मजकूर आहेत, त्यांना कायम स्ट्रिंगच ठेवावं. उलट दर आणि अंतर हे खरे आकडे. ते सोर्समध्ये देवनागरीत लिहू नयेत, कारण नंबर फंक्शनला देवनागरी अंक कळत नाहीत, उत्तर नॅन, म्हणजे "आकडा नाही", असं येतं. दाखवताना इंटलचा नंबर-फॉरमॅट मराठी लोकेलने वापरला की अंक आपोआप देवनागरी होतात.

व्हीटच्या एन्व्ह फाइलींतून (कोडच्या बाहेर किमती ठेवायच्या फाइलींतून) किंमत घेत असाल तर आणखी एक गोष्ट: तिथून येणारं सगळं स्ट्रिंग असतं. "मोफत पोचवणी" या खुणेसमोर फॉल्स लिहिलं तर कोडला मिळते "फॉल्स" ही स्ट्रिंग, आणि रिकामी नसलेली स्ट्रिंग जावास्क्रिप्टमध्ये खरी धरली जाते. सगळ्यांना पोचवणी मोफत. तुलना नेहमी स्ट्रिंगशीच करावी. शहरासाठी व्हीटचा मोड वापरायला मात्र हरकत नाही. प्रत्येक मोडची वेगळी एन्व्ह फाइल वाचली जाते, आणि मोड काहीही असला तरी बिल्ड आज्ञेत नोड-एन्व्ह हे मुळात प्रॉडक्शनच राहतं.

प्रोसेस-एन्व्हच्या (बिल्ड मशीनवरच्या एन्व्ह किमती कोडमध्ये वाचायच्या जागेच्या) बाबतीत बदल फक्त पूर्ण, सरळ लिहिलेल्या साखळीवर होतो. प्रोसेस, टिंब, एन्व्ह, टिंब, शहर असं सलग लिहिलं तर साधनाला ते ओळखता येतं. तेच कंसाने फोडून वेगळ्या व्हेरिएबलमध्ये काढलं किंवा चौकटी कंसात बदलतं नाव दिलं, तर साधन ते तसंच ठेवतं, आणि ब्राउझरमध्ये प्रोसेस नावाचं काही नसतंच. वेबपॅक ५ ने नोडचे पॉलिफिल (ब्राउझरमध्ये नसलेल्या गोष्टींची पर्यायी सोय) आपोआप घालणं बंद केल्यापासून हा एरर जास्त भेटतो. त्यावर "अख्खं प्रोसेस-एन्व्हच डिफाइनला देऊन टाका" असा सल्ला दिला जातो. तो कृपा करून मानू नका. त्याने बिल्ड मशीनवरचे पासवर्ड, टोकन, डेटाबेसचे पत्ते बंडलमध्ये, म्हणजे ग्राहकाकडे जाणाऱ्या तयार फाइलीत, जाऊ शकतात, आणि बंडल कुणीही उघडून वाचू शकतो. व्हीटमध्ये ठरावीक उपसर्गाचीच नावं बाहेर जातात ती याच कारणासाठी. तो उपसर्ग रिकामा करायचा प्रयत्न करू नये.

नुसत्या मजकुराची अदलाबदल, जिथे टाळता येत नाही तिथे

एचटीएमएल, मॅनिफेस्ट, सीएसएस, एखादी जुनी लायब्ररी: इथे व्याकरण कळणारं साधन पोचत नाही. व्हीट त्याच्या मुख्य एचटीएमएलमध्ये टक्क्याच्या दोन चिन्हांमधली एन्व्ह नावं स्वतः बदलतं, तेवढं पुरत असेल तर दुसरं काही आणू नका. सीएसएसमध्ये रंग बदलायचा तर कस्टम प्रॉपर्टी पुरते. बाकी ठिकाणी शोध-बदल करावा लागतो, आणि तिथे पहिला नियम: भाषेतला खरा शब्द कधीच शोधायचा नाही. सोर्समध्ये फक्त प्लेसहोल्डर, म्हणजे नंतर बदलायची खूण, ठेवायचा, जो दुसरीकडे चुकूनही येणार नाही.

माझं मत देवनागरी प्लेसहोल्डरच्या बाजूने आहे: __डबा_शहर__, __डबा_पिन__ असे. दुहेरी अंडरस्कोअरची नावं लायब्रऱ्यांत भरपूर असतात, वेबपॅक स्वतःही ती निर्माण करतं. पण त्यांच्या मधली अक्षरं रोमन असतात. दोन दुहेरी अंडरस्कोअरमध्ये देवनागरी अक्षर, हा नमुना आपल्याशिवाय कुणाचा नसतो. राहून गेलेला प्लेसहोल्डर त्यामुळे पटकन सापडतो.

अंडरस्कोअरचा दुसरा फायदा शब्दसीमेचा. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (शोधायच्या नमुन्यात) बॅकस्लॅश-बी ही शब्दाची सीमा फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर यांनाच "शब्द" मानते. युनिकोडचा फ्लॅग लावला तरी देवनागरी अक्षर तिच्या लेखी शब्दातलं नसतंच. म्हणून "ठाणे"च्या दोन्ही बाजूंना अशी सीमा लावून शोधलं तर मोकळ्या जागांमध्ये लिहिलेलं "ठाणे" एकदाही सापडत नाही: जागाही शब्दाबाहेरची, ठही शब्दाबाहेरचा, मग सीमा कसली? तोच शब्द अंडरस्कोअरने सुरू होऊन अंडरस्कोअरनेच संपला की सीमा बरोबर लागते. खरा मराठी शब्दच शोधायची वेळ आली, तर आधी-नंतर पाहणाऱ्या अटी लिहाव्यात: अलीकडे आणि पलीकडे युनिकोडच्या अक्षर किंवा चिन्ह या वर्गातलं काही नको. चिन्हाचा वर्ग विसरला तर मात्रा आणि अनुस्वार निसटतात.

रोलअपच्या रिप्लेस प्लगिनमध्ये एक वेगळी खोच आहे. पर्याय न बदलता वापरलं, तर जुळणीनंतर लगेच टिंब आलेली जागा ते बदलत नाही. म्हणजे __डबा_शहर__ बदलेल, पण त्यालाच टिंब देऊन लांबी किंवा एखादी मेथड विचारली असेल तर ती जागा तशीच राहील. डिलिमिटर पर्याय देऊन हे बदलता येतं. प्रिव्हेंट-असाइनमेंट हा पर्याय चालू ठेवावा, नाहीतर बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडची नावंही बदलली जातात. किल्ल्या लांबीप्रमाणे लावायचं काम हे प्लगिन स्वतः करतं, आधी लांब मग आखूड. आपली स्क्रिप्ट असेल तर हे आपल्याला करावं लागतं. "मुंबई" आधी बदललं तर "नवी मुंबई"चा अर्धाच भाग बदलून बसतो.

वेबपॅकमध्ये स्ट्रिंग-रिप्लेस-लोडर वापरताना क्रम पाहा. लोडर (बिल्डमध्ये एकेका फाइलीवर प्रक्रिया करणारे तुकडे) यादीत शेवटून सुरुवातीकडे चालतात. मजकूर बदलणारा लोडर बेबलच्या (नवं जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरना कळेल असं करणाऱ्या साधनाच्या) आधी चालायला हवा, कारण बेबल ७ जेएसएक्समधल्या मराठी मजकुराचे बॅकस्लॅश-यू वाले कोड करून टाकतं. ते झाल्यावर "डबा" शोधायला गेलात तर फाइलीत "डबा" उरलेलाच नसतो. यादीतल्या जागेवर भरवसा ठेवण्यापेक्षा एन्फोर्सला प्री ही किंमत द्यावी. ईएसबिल्डही मुळात असंच करतं: बाहेर पडणारी फाइल फक्त अ‍ॅस्की. एक देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, एस्केप केल्यावर ६. मराठी साइटला कॅरसेट यूटीएफ-८ हा पर्याय लावला की फाइल लहान होते आणि शोधण्याजोगीही राहते. पानावर कॅरसेटचा मेटा टॅग असायला हवा, एवढी अट.

आता रिप्लेस मेथडकडे. शोध स्ट्रिंगने केला तर ती फक्त पहिली जागा बदलते. सगळ्या जागांसाठी जी-फ्लॅगवालं रेग्युलर एक्स्प्रेशन किंवा २०२१ च्या मानकात आलेलं रिप्लेस-ऑल लागतं. लोडरमध्येही फ्लॅग दिला नाही तर हेच होतं. मथळा बदलतो, तळटीप तशीच राहते, आणि पाहणारा मथळाच पाहतो.

याहून फसवं आहे डॉलरचं चिन्ह. बदलीच्या स्ट्रिंगमध्ये $& आलं की त्याचा अर्थ "जुळलेला मजकूर", $$ म्हणजे एक डॉलर, $ नंतर आकडा म्हणजे तो गट, $ नंतर उलटं किंवा सरळ अवतरण म्हणजे जुळणीच्या आधीचा किंवा नंतरचा सगळा मजकूर. शोध साध्या स्ट्रिंगने केला तरी गटाचा सोडून हे नियम लागू होतात. एचटीएमएलच्या साच्यात मिनिफाय केलेली (नावं-जागा आखडून लहान केलेली) स्क्रिप्ट आत ओतायची पद्धत पुष्कळ ठिकाणी असते. मिनिफायर एक अक्षरी नावं देताना डॉलरही वापरतो, आणि त्यापुढे दुहेरी & आला की आपल्या स्क्रिप्टच्या मधोमध प्लेसहोल्डर परत उगवतो. आज चाललेला बिल्ड उद्या एक ओळ वाढल्यावर मोडतो, कारण मिनिफायरने नावं वेगळी वाटली. उपाय एका ओळीचा: बदलीला स्ट्रिंग न देता ती स्ट्रिंग परत करणारं फंक्शन द्यायचं. फंक्शनने दिलेल्या मजकुरात डॉलरला काही अर्थ नसतो. हा नियम अपवादाशिवाय पाळावा. शेलमधल्या सेड या शोध-बदल आज्ञेत हेच काम & करतो, आणि सर्व्हरच्या पत्त्यात & आणि तिरकी रेघ दोन्ही असू शकतात.

लोडर शहराची फाइल स्वतः डिस्कवरून वाचत असेल तर ती अ‍ॅड-डिपेंडन्सीने वेबपॅकला कळवावी लागते. नाहीतर फाइल सिस्टीम कॅशमधून ठाण्याचं जुनं मॉड्यूल निघून नवी मुंबईच्या बिल्डमध्ये जाऊन बसतं. कॅशच्या नेम पर्यायात शहराचं नाव घातलं की दोघांचे कप्पे वेगळे होतात. सोर्स मॅपचंही (तयार कोडची जागा मूळ सोर्सशी जोडणाऱ्या फाइलीचंही) लक्षात ठेवा: बदली लांब-आखूड झाली की पुढचे सगळे कॉलम सरकतात. मॅजिक-स्ट्रिंग वापरणारं साधन नवा मॅप बनवतं, आपली साधी स्क्रिप्ट बनवत नाही.

मराठीचं सामान्यरूप

"__डबा_शहर__त आजपासून सुरू" असं लिहून मोकळं झालं तर नवी मुंबईत ते बरोबर येतं, ठाण्यात "ठाणेत" होतं. विभागांची नावं घेतली की गुंता वाढतो. वाशीचं वाशीत, पण तुर्भ्याचं तुर्भ्यात, कोपरखैरण्यात, सानपाड्यात, नौपाड्यात, बेलापुरात. सामान्यरूप वेगळं साठवून त्याला प्रत्यय जोडू, असंही वाटतं, पण तेही पुरत नाही: "बेलापुरात" म्हणतो तरी "बेलापूरला" असंच बोलतो, तर ठाण्याचं मात्र "ठाण्याला". म्हणून प्रत्येक शहरासाठी लागणारी पूर्ण रूपंच साठवावीत: नाव, "मध्ये" या अर्थाचं रूप, "ला"चं, "हून"चं, "चा-ची-चे"चं, आणि "ठाणेकर", "नवी मुंबईकर" हेही. पाच-सहा शब्द लिहायला पाच मिनिटं लागतात. रूपं दहाच्या पुढे गेली किंवा वाक्याची रचनाच शहरानुसार बदलू लागली, तर ते काम अदलाबदलीचं राहिलेलं नाही. मग भाषांतराच्या फाइली करून पूर्ण वाक्यं ठेवावीत.

शोधायचा मजकूर मराठी असेल तर टंकनाचा प्रश्नही येतो. "दुसऱ्या" मधला ऱ्य तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, र ला नुक्ता जोडून, आणि र-हलंतानंतर झिरो-विड्थ जॉइनर घालून. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. नॉर्मलाइझ मेथडला एनएफसी दिलं की पहिले दोन एक होतात, तिसरा तसाच राहतो, त्याला आधी हाताने बदलावं लागतं. ज्या फाइलीत निरनिराळ्या लोकांनी वेगवेगळ्या कीबोर्डवरून मजकूर भरलाय, तिथे हे होणारच असं धरून चाला.

बिल्ड झाल्यावर बदल

एकच बिल्ड करायचा आणि कंटेनर सुरू होताना सेडने तयार फाइलींत पत्ता बदलायचा, ही पद्धत बरीच दिसते. ती मोडते ती फाइलींच्या नावामुळे. नावातला हॅश आधीच्या मजकुरावरून काढलेला असतो. मजकूर बदलला, नाव तेच राहिलं, आणि त्या फाइलींना बहुधा वर्षभराचं, ३१५३६००० सेकंदांचं, कॅश दिलेलं असतं. पत्ता बदलून कंटेनर परत सुरू केला तरी जुन्या ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये जुनाच पत्ता. स्क्रिप्टला इंटेग्रिटी हॅश (फाइल बदललेली नाही हे ब्राउझरने तपासायची खूण) लावला असेल तर ब्राउझर ती फाइल चालवतच नाही. बिल्डमध्येच जीझिप किंवा ब्रॉटली फाइली तयार केल्या असतील तर सेड त्यांच्या आत पोचत नाही, आणि सर्व्हर नेमक्या त्याच पाठवतो.

शिवाय "सगळ्या फाइली" म्हणताना फॉन्ट आणि चित्रंही येतात. नोडमध्ये ती यूटीएफ-८ म्हणून वाचून परत लिहिली की न जुळणारे बाइट बदली चिन्ह होऊन बसतात. मराठी फॉन्टची फाइल अशी खराब झाली तर एरर कन्सोलमध्ये पडून राहतो आणि पान गुमान यंत्राच्या फॉन्टवर जातं. फाइलींचे प्रकार नावानिशी द्यावेत: एचटीएमएल, जेएस, सीएसएस, जेसन.

चालू असतानाच बदलणारी किंमत असेल तर ती बंडलच्या बाहेर, एका छोट्या जेसन फाइलीत ठेवावी, तिला नो-कॅश लावावं, आणि अ‍ॅप सुरू होताना ती आधी वाचावी. एक विनंती वाढते, पण वरचा सगळा पसारा जातो.

मोजणी

प्रत्येक प्लेसहोल्डरसमोर अपेक्षित संख्या लिहून ठेवावी. __डबा_पिन__ दोन ठिकाणी आहे तर बदल दोनच व्हायला हवेत; एक किंवा तीन झाले तर बिल्ड पडायला हवा. स्ट्रिंग-रिप्लेस-लोडरला स्ट्रिक्ट पर्याय आहे, बदल झालाच नाही तर तो एरर देतो. रिप्लेस-इन-फाइल या पॅकेजमध्ये काउंट-मॅचेस चालू केलं की फाइलनिहाय किती जुळले आणि किती बदलले हे दोन्ही आकडे मिळतात, आणि ड्राय पर्यायाने काही न लिहिता आधी पाहता येतं. आपल्या स्क्रिप्टमध्ये तर बदलीचं फंक्शन आहेच, त्यातच मोजणी वाढवायची.

शेवटी बाहेर पडलेल्या फोल्डरवर दोन शोध चालवावेत. पहिला, दुहेरी अंडरस्कोअरमध्ये देवनागरी अक्षर कुठे उरलंय का. मिनिफायर जागतिक नावं बदलत नाही, त्यामुळे राहून गेलेला प्लेसहोल्डर तसाच सापडतो. मात्र कॅरसेट यूटीएफ-८ नसेल तर एस्केप केलेलं रूपही शोधावं लागेल. दुसरा, नवी मुंबईच्या बिल्डमध्ये ४००६०१ आणि ठाण्याच्या बिल्डमध्ये ४००७०३ सापडतो का. पिनकोड रोमन अंकांत, एस्केप न होणारा, त्यामुळे एका शहराचा कोड दुसऱ्याच्या बंडलमध्ये गेल्याची खूण म्हणून तो चांगला उपयोगी पडतो. "ठाणे" हा शब्द मात्र या तपासणीत घेऊ नये. नवी मुंबईतही पोलीस ठाणी आहेत.